पाटीवर ‘सर्व वयोगट’ लिहिता, मग फोनवर वय कशाला विचारता?

मा. संपादक, स.न.वि.वि.

मे महिना आला की आमच्या फोंड्यात विजेच्या खांबांवर क्लासच्या पाट्या लागतात, पियानो, कीबोर्ड, गिटार, सर्व वयोगटांसाठी वगैरे. गेल्या वर्षी रिटायर झाल्यावर अशीच एक पाटी बघून मी फोन लावला. तिकडून विचारलं, मुलगा किती वर्षांचा? म्हटलं मुलगा नाही हो, मलाच शिकायचंय. मग जरा वेळ काहीच आवाज नाही आणि मग, “अंकल, आम्ही सहा ते सोळाचेच घेतो.” अहो मग तसं लिहा ना पाटीवर!

मी तीसेक वर्षं भजनात पेटी वाजवतो, त्यामुळे वाटलेलं की पियानोत काय एवढं, काळ्या पांढऱ्या पट्ट्या त्याच. शेवटी ओळखीतून बाजूच्या गावातल्या एक म्हाताऱ्या टीचर मिळाल्या आणि पहिल्याच दिवशी त्या हसल्या, म्हणाल्या, “तुमचो दावो हात निदला.” म्हणजे डावा हात झोपलाय. खरंच होतं, पेटीवर डावा हात जन्मभर भाता मारत आलाय, सूर सगळे उजव्याकडे, आणि इथे डाव्याला वेगळं काम उजव्याला वेगळं, आणि दोघांनी एकाच वेळी करायचं. दुसरं म्हणजे पेटीची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज भात्यावर, इथे आत हातोडी तारेवर पडते त्यामुळे बोट जसं पडेल तसा आवाज. पियानोफोर्टे या नावाचा अर्थच मुळी हळू-जोरात असा आहे, हे मला साठीत कळलं. नुसता सा ते सा जायला अंगठा बोटांखालून सरकवायचा असतो, त्यात माझे तीन आठवडे गेले.

बाईंचा पियानो जुना, ८८ पट्ट्यांचा. पावसाळ्यात दमटपणाने तारा गंजू नयेत, लाकूड फुगू नये म्हणून त्या आत एक छोटा बल्ब लावून ठेवतात, रात्री अंधारात फटीतून उजेड दिसतो, देवघरासारखा वाटतो.

आता मुलांचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी सगळा भर लंडनच्या ग्रेड परीक्षांवर, एक ते आठ. परीक्षा वाईट असं माझं म्हणणं नाही, शिस्त लागते, पण वर्षभर परीक्षेचे तेच तीन तुकडे घोटायचे आणि चौथं काही वाजव म्हटलं की पोर गप्प, हे मी माझ्याच नातीचं बघतोय. मोठ्या माणसाला सर्टिफिकेट नको असतं हो. त्याला एखादं नाट्यगीत दोन्ही हातांनी नीट आलं तरी पुरे. आमची अडचण वेगळी, पोर चुकलं तरी पुढे जातं, आम्ही एक सूर चुकला की थांबून पहिल्यापासून सुरू करतो, बाई त्यालाच ओरडतात.

आणि एक आपल्या लोकांबद्दल. पियानो म्हणजे किरिस्तांवांचं, आपलं पेटी-तबला, हे डोक्यातून काढा. आपल्या गोव्यातल्याच मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडेच लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ना, मग आपल्याला शेजारच्या वाड्यावर जायला काय होतंय?

क्लासवाल्यांना एवढंच सांगणं की आम्हाला अर्धा तास द्या, फी वर्षाची एकदम न घेता त्या त्या दिवसाची घ्या, कारण गुडघा, बीपी, लग्नं, सप्ताह यात आमचे खाडे होणारच. सकाळी दहा ते बारा मुलं शाळेत असतात, तुमचा पियानो रिकामाच असतो. आम्हीही तेव्हा मोकळेच असतो.

– एक पेटीवाला, फोंडा