भूगोल घेतला म्हणून सुस्कारे?

महोदय,

पुतणीने बीएला भूगोल घेतला, तेव्हा 'मग बाईच होणार ना शाळेत?' असं नातेवाइकांनी विचारलं. आता तिला पुणे विद्यापीठात मानवशास्त्र शिकायचंय, तर नुसते सुस्कारे! (मानसशास्त्र नव्हे हो, माणसांचे समाज, नाती, चालीरीती यांचा अभ्यास, हे दहादा सांगून झालं.)

खरं तर या दोन विषयांची प्रयोगशाळा आपला सातारा जिल्हाच आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर माणमध्ये ५००च्या आसपास. चाऱ्यापाण्यासाठी मेंढरं घेऊन गाव सोडणारे माणदेशी धनगर हा भूगोल की मानवशास्त्र? कोयना धरणाने उठवलेल्या माणसांचं काय झालं, याची पाहणी मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. गाव हलवताना जमीन मोजली जाते. भावकी, सोयरीक, ग्रामदैवत कोण मोजणार? पुनर्वसनाच्या कामात अशी शिकलेली माणसं हवीत.

साताऱ्यातल्या महाविद्यालयांनी बीएला मानवशास्त्राचा निदान एक पेपर तरी सुरू करावा. पुण्याला खोली घेऊन राहणं सगळ्यांना परवडत नाही.

– एक काका, सातारा