चि. मुक्तास पत्र

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियातल्या त्या नलारबोरच्या मैदानातून जाणाऱ्या मालगाडीवर तुझी ड्यूटी लागतेय हे रविवारी फोनवर कळलं, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, "एवढंच?" म्हणून हे पत्र.

पोर्ट ॲडलेडच्या म्युझियममधला तुझा जीएम-2 या जुन्या डिझेल इंजिनाशेजारचा फोटो पेन्शनरांच्या कट्ट्यावर सगळ्यांना दाखवला, दोनदा. काय रुबाबदार नाक आहे गं त्या इंजिनाचं! 1951 पासून क्लाइड कंपनीवाल्यांचे हे जीएम त्या वाळवंटात आले आणि वाफेची इंजिनं घरी बसली. तिथलं बोअरचं पाणी इतकं क्षारांचं, की बॉयलरची वाट लागायची. तुझा जीएम-2 म्हणजे सोळा सिलिंडर, टू-स्ट्रोक, 1500 हॉर्सपॉवर. अर्थात आमचा जन्म अल्को कंपनीच्या इंजिनांत गेला, त्यामुळे मला तुमच्या न्यू साउथ वेल्सचा 44 क्लास जवळचा, तोही अल्कोच्याच डिझाइनचा. आपल्या रेल्वेची डब्ल्यूडीएम-1 त्याच अल्कोच्या डीएल-500 घराण्यातली, चुलत बहीण म्हण.

पण मुद्दा झोपेचा. 478 किलोमीटर रूळ नाकासमोर सरळ, एक वळण नाही, झाड नाही. बोरघाटात ड्रायव्हर जागा राहतो, कारण घाट त्याला झोपूच देत नाही. तिथे कोण जागं ठेवणार? ड्रायव्हर जागा आहे हे कळावं म्हणून दाबायचं व्हिजिलन्सचं बटण आहे, मला ठाऊक आहे. पण अर्धवट झोपेतही हात सवयीने ते बटण दाबतो, मुक्ता. डोळा लागतोय असं वाटलं की उभी राहा, जोडीदाराशी बोल, सिग्नल मोठ्याने म्हण. चहावर विसंबू नकोस. आणि ड्यूटी संपली की मोबाइल बाजूला ठेवून... असो. तुला ट्रेनिंगमध्ये हे सगळं शिकवलंच असेल. लेक्चर झालं, राग मानू नकोस.

घोरपडीच्या शेडमध्ये लोड बॉक्सवर, म्हणजे जागेवरच ताकद तपासायच्या यंत्रावर, इंजिन आठव्या, शेवटच्या नॉचला नेलं की पत्रे थरथरायचे. तू फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे घेऊन माझ्याजवळ उभी असायचीस. बाकीची पोरं कानावर हात ठेवायची, तू टर्बोची शीळ ऐकून "बाबा, हा बरा झाला" म्हणायचीस, आणि बहुतेक वेळा तो बरा झालेला असायचा. आमचे फोरमन तुला चहातली खारी द्यायचे. नानांना मात्र तुझं शेडमध्ये येणं मुळीच पसंत नव्हतं. आता ते असते तर सगळ्या आळीला सांगत सुटले असते.

मेतकूट पाठवणार होतो, पण तिकडचे कस्टमवाले कडक, असं बापूकाका म्हणतो.

रिलेची, म्हणजे आळीपाळीने गाडी चालवणारी, दुसरी जोडी इंजिनमागच्या डब्यात झोपते म्हणालीस. चालत्या गाडीत तिथे खरंच झोप लागते का, ते कळव. नुसतं "हो बाबा" लिहू नकोस, किती तास लागते ते लिही.

तुझे,
बाबा