भिंग सापडले, पेटी गेली

गिरगाव, मुंबई
दि. 28 जून

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याबद्दल हवे तेवढे बोल. गुडघे दुखतात, साखर आटोक्यात आहे, प्रकृतीचे एवढेच.

पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी आमच्या ट्यूबलाइटभोवती किड्यांचा थवा जमला आणि तासाभरात फरशीवर नुसत्या पंखांचा सडा पडला. पावसाळ्यात मुंग्यांनाही पंख फुटतात, असे मी ठासून सांगितले, त्यावर मालतीने हातातली केरसुणी न ठेवता, "मुंगीची कंबर एवढी जाड असते का?" इतकेच विचारले. दोनचार मेलेले किडे मी काडेपेटीत ठेवले आणि पुढे नीट पाहिले, तर तिचेच खरे निघाले. चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीचे पुढचे पंख मोठे असतात, मिशी कोपरात वाकलेली आणि कंबर तुझ्या कॉलेजातल्या फोटोसारखी.

वाळवी तर ठरली; पण कोरड्या लाकडातली की जमिनीतली, यावर उपाय अवलंबून. पहिली खसखशीसारखे कोरडे दाणे बाहेर टाकते, ते कुठेच दिसेनात. उलट मोरीच्या भिंतीलगत, जिथली ओल पाइप गळतो तेव्हापासून, म्हणजे कायमचीच आहे, जोत्यापासून फडताळाच्या पाठीपर्यंत पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी चढली होती. उघड्या हवेत या जिवांचे अंग सुकते, म्हणून जमिनीतल्या वसाहतीपासून लाकडापर्यंत ते असा झाकलेला ओला रस्ता बांधतात. बोटभर नळी मी खरवडली, तर आत पांढुरक्या, आंधळ्या कामकऱ्यांची धावपळ. दुसऱ्या सकाळी तेवढी जागा ताज्या मातीने लिंपलेली. आपल्या चाळीत एवढ्या तत्परतेने दुसरी कोणतीही दुरुस्ती झाल्याचे मला आठवत नाही.

मग फडताळ रिकामे केले. वरचा रंग शाबूत, पण बोटाने दाबताच फळी पापडासारखी मोडली. मऊ लाकूड रेषेरेषेने खाल्लेले, कठीण पापुद्रे तेवढे उभे आणि मधल्या फटींत माती. तळाच्या खणात, सुधाकर, तुझी आंब्याच्या लाकडाची पेटी होती आणि पेटीत तुझे भिंग. होय, तेच. 1983 साली ज्याच्यापायी आपण सबंध उन्हाळा बोललो नाही आणि ज्यासाठी मी वसंताचे नाव पुढे केले, ते. झाकण उचलले तर हातात भुसा आणि माती आली. काचेला मात्र ओरखडा नाही. किड्यांच्या मिशा मी त्याच भिंगाने पाहिल्या. वसंता आता नाही, म्हणून कबुली तुझ्यापाशी.

सोमवारी औषधवाला येऊन भिंतीच्या कडेने फूटफूट अंतरावर फरशीला भोके पाडणार आहे. पाइप आधी बदला, असे तो दोनदा म्हणाला.

सुनीताच्या बदलीचे काय झाले? नातवाला आशीर्वाद. तुझे नाशिकचे घरही जमिनीलगतच आहे, तेव्हा जिन्याखाली एकदा टॉर्च मारून पाहा.

भिंग पोस्टाने पाठवू, की भांडायला स्वतः येतोस?

तुझा,
विनायक