सिम्युलेटरवर नेमके कोण शिकते? मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मोटर शर्यतीच्या संघाने सिम्युलेटर, म्हणजे खोलीत बसून गाडी चालवल्याचा अनुभव देणारे यंत्र, घ्यायचे ठरवल्याचे वाचून फार आनंद झाला. चालक त्यावर खरोखर काय शिकतो आणि तुझ्या नव्या इंजिनिअरांना त्याचा काय उपयोग, असे तू विचारले आहेस. इतकी वर्षे हे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की तिथे चालकापेक्षा इंजिनिअरच अधिक शिकतो, निदान त्याने शिकायला हवे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2009 मध्ये फॉर्म्युला वनच्या हंगामातील ट्रॅकवरच्या चाचण्यांवर बंदी आली आणि पुढे थोडी सूट मिळाली तरी ते मोकळे दिवस काही परतले नाहीत. तेव्हापासून पूर्वी ट्रॅकवर होणारे बरेचसे काम बंद खोलीत होऊ लागले. शुक्रवारच्या सरावाची आकडेवारी कारखान्यात पोहोचते, रात्रभर एक चालक सिम्युलेटरवर वेगवेगळे सेटअप, म्हणजे गाडीच्या भागांच्या वेगवेगळ्या जुळवण्या, तपासत बसतो आणि शनिवारी सकाळी शर्यतीत उतरणाऱ्या चालकाच्या हाती बदललेली गाडी येते. सेबास्टियन ब्युमी यांनी रेड बुलसाठी आणि अँथनी डेव्हिडसन यांनी मर्सिडीजसाठी हे काम अनेक वर्षे केले. या कामासाठी त्यांची नावे विजयमंचावर ऐकू येत नाहीत याचे मला नेहमीच वाईट वाटते.

आता यंत्राच्या मर्यादेविषयी, कारण तिथूनच सारे समजू लागते. जोरात ब्रेक लावल्यावर फॉर्म्युला वनच्या चालकाच्या शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे पाचपट जोर येतो. खोलीतले चालकाचे आसन असलेले व्यासपीठ थोडेसे सरकते आणि मग त्याची जागा संपते. म्हणून ते पुढे झुकवून गुरुत्वाकर्षणाकडूनच तो जोर उसना घेतात. पण 30 अंश झुकवले तरी जेमतेम अर्धा जी, म्हणजे गुरुत्वाच्या निम्मा जोर, मिळतो, आणि झुकणे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला कळू नये म्हणून ते सेकंदाला दोन-तीन अंशांपेक्षा जलद करता येत नाही. म्हणजे 30 अंशांपर्यंत जायला निदान दहा सेकंद हवेत, आणि खरे ब्रेकिंग तर दोन-तीन सेकंदांत आटोपते. तेव्हा पूर्ण जोर देणे अशक्यच आहे. द्यायची असते ती सुरुवातीची चाहूल. गाडीचा मागचा भाग घसरू लागला की चालकाला ते डोळ्यांआधी पाठीला आणि मांड्यांना कळते. ती पहिली सूक्ष्म हालचाल वेळेवर पोहोचली तर तो स्टिअरिंग योग्य क्षणी उलट फिरवतो. 250 किलोमीटर वेगाने 50 मिलिसेकंदांत गाडी साडेतीन मीटर पुढे गेलेली असते. एवढा उशीर झाला तर चालक घसरण उशिरा पकडतो, गरजेपेक्षा जास्त सावरतो आणि हळूहळू चुकीची सवय लावून घेतो. म्हणून विक्रेत्याला पडद्याच्या आकाराआधी हालचालीतला विलंब विचार.

दुसरी अवघड जागा म्हणजे टायर. डेल्फ्टचे हान्स पासेका यांच्या नावाने ओळखला जाणारा 'मॅजिक फॉर्म्युला' हे टायरच्या पकडीचे सूत्र आजही अनेक संगणकीय मॉडेलांचा पाया आहे, पण तापमान आणि झीज यांमुळे बदलत जाणारी पकड सूत्रात बसवणे फार जिकिरीचे आहे. मी इथेच एकदा मोठी चूक केली. आमचा चालक दोन दिवस सांगत होता, "ब्रेक सोडताना खऱ्या गाडीची मागची बाजू अशी घसरत नाही." फेरीची वेळ ट्रॅकवरच्या वेळेशी तंतोतंत जुळत होती, म्हणून मी त्याचे म्हणणे टिपले आणि बाजूला ठेवले. ट्रॅकवर गेल्यावर त्याच सेटअपने गाडी पहिल्याच वेगवान वळणावर गरकन फिरली. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या: मॉडेलमधल्या मागच्या टायरांची पकड खऱ्यापेक्षा कमी होती आणि गाडीला ट्रॅकवर दाबून धरणारा वाऱ्याचा जोर खऱ्यापेक्षा जास्त. वेळ जुळली म्हणजे गाडी जुळली असे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले, आणि ते मला सांगणारा माणूस दोन दिवस माझ्या समोरच बसला होता.

म्हणून तुझ्या इंजिनिअरांना सर्वात आधी प्रश्न विचारायला शिकव. "गाडी कशी वाटली?" या प्रश्नाला उपयोगी उत्तर मिळत नाही. कुठल्या वळणावर, ब्रेक सोडताना, मध्यावर की अ‍ॅक्सिलरेटर दाबताना, आणि पुढच्या चाकांची पकड आधी सुटली की मागच्या, असे विचारायला हवे. प्रत्येक बदलानंतर मूळ सेटअपवर परत यायला लाव. चालक फेरीगणिक सरावत जातो आणि दमतही जातो, त्यामुळे केवळ आधी-नंतरची तुलना फसवी ठरते. अधूनमधून चालकाला त्या वेळी न कळवता, काहीही न बदलता फेरी घ्यायला सांग, मात्र असे कधीतरी होईल हे चालकाला आधीच सांगून ठेव, नाहीतर विश्वास तुटेल. रेडिओवर बोलणेही इथेच शिकता येते: सरळ पट्ट्यावर एक छोटे वाक्य, ब्रेकिंगच्या वेळी संपूर्ण शांतता. नवखे इंजिनिअर हटकून वळणात बोलतात, आणि ट्रॅकवर तसे झाले तर त्याची किंमत चालक मोजतो.

चालकांचा फायदा तू जाणतोसच. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांमधून शर्यतीचे चालक निवडणाऱ्या जीटी अकॅडमी या स्पर्धेचा 2011 चा विजेता यान मार्डनबरो व्हिडिओ गेमवरून येऊन 2013 मध्ये ल मॉंच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरला. वळणातून जाण्याची रेषा, ब्रेक लावण्याचे बिंदू, शिस्त हे सारे खोलीत शिकता येते. भीती मात्र तिथे शिकता येत नाही, आणि ओल्या ट्रॅकवरचा अंदाजही फारसा येत नाही.

एक विनंती आहे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक इंजिनिअरला स्वतः त्या आसनावर बसव, मग तो कितीही हळू चालवो. मळमळ झाली तर लगेच थांबू दे. पहिले काही दिवस पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नकोस. त्यांनी उतरल्यावर लिहिलेली पहिली टिपणे मला पाठव. मी ती तुझ्या चालकाच्या टिपणांशेजारी ठेवून वाचीन आणि दोघांचे शब्द कुठे जुळत नाहीत ते तुला कळवीन.

तुझा,
जुना मित्र