आडनाव विचारून घर नाकारणे: कायदा कुठे आहे, कुठे नाही

महोदय,

जून आला की राजारामपुरी, शाहूपुरीपासून विद्यापीठ परिसरापर्यंत भाड्याच्या खोल्यांची शोधाशोध सुरू होते. फोनवर भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते आणि ते ऐकताच 'खोली कालच गेली' असे उत्तर येते. या नकाराविरुद्ध काय करता येते, हे लोकांना नेमके माहीत असायला हवे.

धर्म, जात, लिंग यांवरून भेदभावास मनाई करणाऱ्या संविधानाच्या कलम 15(2)मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते आहेत, घर नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 ने ही पोकळी काही प्रमाणात भरली. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा राहण्यास आडकाठी केल्यास कलम 4 खाली एक ते सहा महिने कैद आणि 100 ते 500 रुपये दंड आहे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात. कलम 12 तर फारच महत्त्वाचे: ज्याला अडवले तो अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय धरून चालते, तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. तृतीयपंथीयांना 2019 च्या आणि एचआयव्हीबाधितांना 2017 च्या कायद्याने घर भाड्याने घेताना संरक्षण दिले आहे.

सोसायटीत फ्लॅट विकत घेणाऱ्याची बाजू त्याहून भक्कम आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सदस्य झाला असे मानले जाते. नकार आला तर 60 दिवसांत सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे अपील करता येते. घोळ होतो तो अर्ज देतानाच. सचिव 'मीटिंगमध्ये बघू' म्हणतात, अर्ज घेत नाहीत, आणि पोच नसल्यामुळे तीन महिने मोजायचे कुठून हाच प्रश्न उरतो. अशा वेळी वाद न घालता तोच अर्ज सदस्यत्वाच्या रकमेसह निबंधक कार्यालयात द्यावा. तिथून तो संस्थेकडे जातो आणि मग संस्थेला 60 दिवसच मिळतात. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेची सदस्यत्व समाजापुरते ठेवणारी अट मान्य केली, हे खरे. पण ती अट संस्थेच्या नोंदणीकृत उपविधीत, म्हणजे लेखी नियमावलीत होती. समितीने तोंडी ठरवलेल्या 'आपल्यातलेच लोक' या नियमाला तो आधार मिळत नाही.

खरी कोंडी आहे ती भाड्याने घर शोधणाऱ्या मुस्लिम कुटुंबाची आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रीची. धर्मावरून किंवा लग्न झाले नाही म्हणून खासगी मालकाने घर नाकारले, तर महाराष्ट्रात थेट लागू होणारे कलम नाही.

भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चे कलम 55 करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावर टाकते. तसे न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे खासगी भाडेव्यवहारात कायदा शिरतच नाही, असे नाही. याच अधिनियमात जात, धर्म, लिंग वा वैवाहिक स्थितीवरून घर नाकारण्यास आणि तशा जाहिरातींना मनाई करणारे कलम घालावे. दवाखाने, शाळा, पाणवठ्यांवर शिवाशिव पाळू नये, असे हुकूम शाहू महाराजांनी 1919 मध्ये याच नगरीतून काढले. ही दुरुस्ती अशासकीय विधेयक म्हणून कोल्हापूरच्या आमदारांनीच विधिमंडळात मांडावी, ही आग्रहाची विनंती.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर