मॅडम, ती स्क्रीन लिहावीच लागली नाही

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही प्रोजेक्ट सोडलात त्या गडबडीत ग्रुपवर 'थँक यू मॅडम' टाकून झालं, पण कशासाठी ते सांगायचं राहूनच गेलं. म्हणून हे उघडं पत्र. आणखी चार अबॅपवाल्यांच्या (सॅप सॉफ्टवेअरच्या अबॅप भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या) उपयोगी पडलं तर तुम्हाला आवडेलच.

मागणी आठवत असेल. खरेदीच्या मंजुरी-मर्यादांचं प्लांटनुसार एक झेड टेबल, म्हणजे सॅपमध्ये आपण स्वतः बनवलेलं टेबल. ज्याने त्याने आपल्या प्लांटच्या ओळी बघाव्यात, बदलाव्यात. पण एसएम३०, म्हणजे टेबलं बदलायचं सॅपचं तयार ट्रान्झॅक्शन, युजरला द्यायचं नाही. (ऑडिटवाल्यांना त्या नावाचीच ॲलर्जी.) स्पेसमध्ये (कामाच्या लेखी तपशिलात) 'मॉड्यूल पूल, टेबल कंट्रोल', म्हणजे स्क्रीन हाताने लिहायची, असंच लिहून आलेलं, एस्टिमेटही त्यावरच मंजूर. तुम्ही स्पेस वाचलीत आणि म्हणालात, "अगं, टेबलावर टीएमजी आहे ना? मग व्ह्यू_मेंटेनन्स_कॉल बोलव आणि मोकळी हो."

टीएमजी म्हणजे टेबलाची देखभाल-स्क्रीन आपोआप जनरेट करणारं साधन, आणि हे तयार फंक्शन मॉड्यूल ती स्क्रीन आपल्या प्रोग्रॅममधून उघडतं. त्याचं नाव कुठेही मिळालं असतं. ॲक्शनला 'यू' दिलं की बदल, 'एस' दिलं की नुसतं दर्शन, व्ह्यू_नेममध्ये टेबलाचं नाव, झालं. आभार त्यापुढच्या तासाभरासाठी आहेत. वहीत चौकोन काढून तुम्ही मला विचारत गेलात: दोघांनी एकदम उघडलं तर लॉक कोण घेणार? चुकीचा प्लांट टाकला तर अडवणार कोण? डिक्शनरीतली (टेबलांच्या व्याख्येतली) फॉरेन की, म्हणजे टाकलेलं मूल्य दुसऱ्या टेबलात असलंच पाहिजे ही अट, स्क्रीनवर तपासली जाते. कोडमधून ओपन एसक्यूएलने थेट अपडेट मारलं तर तिला कोणी विचारत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट डोक्यात बसलं. लॉक, एफ४ (मूल्यांची यादी), फॉरेन कीची तपासणी, एस_टॅबू_डिस आणि एस_टॅबू_नॅमची (टेबल बघण्या-बदलण्याची) परवानगी हे सगळं जनरेट झालेल्या स्क्रीनसोबत फुकटात येतं. हाताने लिहायला गेलं तर यातलं निम्मं राहतं आणि ते यूएटीत (युजरच्या चाचणीत) नाही, गो-लाइव्हनंतर (प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर) कळतं.

प्लांटची अट त्याच कॉलच्या डीबीए_सेललिस्ट या यादीतून द्यायची. व्ह्यूफील्ड, ऑपरेटर, व्हॅल्यू भरायचं. दोन अटी असतील तर मधला अँड_ऑर विसरायचा नाही. सिलेक्ट-ऑप्शन (युजरने भरायची निवडीची अट) असेल तर ओळी हाताने रचत बसण्यापेक्षा व्ह्यू_रेंजटॅब_टू_सेललिस्ट वापरायचं. इथे तुम्ही पेन खाली ठेवून जे बजावलंत ते मी आजही रिव्ह्यूमध्ये लिहिते: ही निवड आहे, परवानगी नव्हे. कोणत्या ओळी दिसतील ते ती ठरवते. कोणाला काय बदलायचा हक्क आहे ते नाही. म्हणून प्लांटची ऑथॉरिटी चेक वेगळी, कॉलच्या आधी, आणि नव्या नोंदीसाठी टीएमजीच्या इव्हेंट ०५ मध्ये (इव्हेंट म्हणजे ठरावीक क्षणी आपला कोड चालवायची जागा), सेव्ह करण्याआधी इव्हेंट ०१ मध्येसुद्धा.

'एस'चंही तसंच. नुसतं बघायला उघडलेल्या स्क्रीनवर बदलाकडे जाणारं बटण असतंच. ते नको असेल तर एक्स्ल_क्युआ_फंक्टमध्ये (काढायच्या बटणांच्या यादीत) त्याचा कोड एईएनडी टाकून काढायचं. नव्या नोंदीचं एनईडब्ल्यूएल, डिलीटचं डीईएलई. हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

आणि ते एक्सेप्शन्स, कॉल फसला तर मिळणारी कारणं! मी बिनधास्त 'अदर्स = १' (सगळी कारणं एकाच खात्यात) लिहून पुढे जाणार होते. तुम्ही फॉरेन_लॉक, नो_यूपीडी_ऑथ, ओन्ली_शो_अलाउड, नो_टीव्हीडीआयआर_एंट्री वेगवेगळे पकडायला लावलेत. तेव्हा जरा अतीच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण पुढे एकदा सपोर्टला 'स्क्रीन उघडत नाही' असं तिकीट आलं तेव्हा मेसेजवरूनच समजलं की टेबल प्रॉडक्शनला गेलंय, मेंटेनन्सच्या (जनरेट झालेल्या स्क्रीनच्या) फंक्शन ग्रुपची ट्रान्सपोर्ट रिक्वेस्ट मागे राहिलीय. डिबगर उघडावाच लागला नाही.

डिलिव्हरी क्लासवरून (टेबलात कसला डेटा आहे ते सांगणाऱ्या खुणेवरून) फंक्शनलवाल्यांशी तुम्ही घातलेला वाद मात्र मी नुसता ऐकत होते. प्रॉडक्शनचा क्लायंट सेटिंग्जच्या बदलांना बंद असताना 'सी' (सेटिंग्जच्या) क्लासच्या टेबलात युजरला बदल करता येणार नाही, रोजच्या वापराचा डेटा असेल तर 'ए' हवा, हे तुम्ही डिझाइनच्या मीटिंगमध्येच वदवून घेतलंत. नाहीतर वरचं सगळं लिहूनही प्लांटच्या माणसाला टेबल नुसतं वाचायला मिळालं असतं.

आता आमच्याकडे अबॅप क्लाऊडची (सॅपने रिलीज केलेल्याच गोष्टी वापरू देणाऱ्या नव्या पद्धतीची) चर्चा सुरू आहे. तिथे हे जुनं फंक्शन मॉड्यूल रिलीज केलेलं नाही. कस्टम बिझनेस कॉन्फिगरेशन्सचं फिओरी (ब्राउझरमधलं) ॲप आणि त्यामागे आरएपी (अबॅपच्या नव्या प्रोग्रॅमिंग मॉडेलचा) ऑब्जेक्ट, असा रस्ता आहे. लॉक आणि ऑथॉरिटीचे तुमचे प्रश्न मी नव्या डिझाइनच्या पहिल्याच पानावर उतरवून ठेवलेत. उत्तरं लिहून झाली की तुम्हाला पाठवते. वेळ काढून लाल पेन फिरवा, एवढी विनंती.

तुमची,
टीममधली एक अबॅपवाली