पाणी भाड्यात घे, लाईट वेगळी काढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पोरीच्या अकरावी-बारावीसाठी लातूरला घर करतोयस आणि मालक ‘लाईट-पाणी सगळं धरून’ एकच आकडा सांगतोय, हे कळलं. एकदा पैसे दिले की महिनाभर बघायला नको, म्हणून ते बरं वाटतं. पण माझं ऐकशील तर पाणी भाड्यातच राहू दे आणि लाईट वेगळी काढ.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते याच गावाला. एरवीही नळ रोज येईल असं धरून चालू नकोस, आणि उन्हाळ्यात बोअर आटला की टँकरशिवाय इलाज नसतो. बोअर, मोटार, हौद सगळं मालकाच्या हातात, तेव्हा तो घोर त्याच्याच डोक्याला असू दे. माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. तुम्ही तिघं म्हणजे 400, वर कुलरला पन्नासेक. गच्चीवरची 1000 लिटरची टाकी दोन बिऱ्हाडांत असली तर एका दिवसात तिचा तळ दिसतो. म्हणून टाकी केवढी एवढंच विचारून येऊ नकोस. ती किती घरांत आहे, खाली हौद किती लिटरचा, मोटार किती वाजता लावतात आणि मे महिन्यात टँकरचे पैसे कोण देतं, हे विचार. शेवटच्या प्रश्नावर मालक घुटमळला, तर ती ओळ करारात आलीच पाहिजे. बाथरूमच्या तोटीवर पांढरा थर दिसला की पाणी बोअरचं, जड. तोच थर गिझरच्या कॉइलवर चढतो, मग पाणी तापायला वेळ आणि युनिटं दोन्ही जास्त लागतात. प्यायच्या जारचे पैसे वेगळेच धर.

आता लाईट. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिली 100 युनिटं स्वस्त, त्यापुढचं युनिट जवळपास दुपटीनं पडतं. तीन बिऱ्हाडांनी 90-90 युनिटं जाळली आणि मीटर वेगवेगळी असली, तर तिघंही स्वस्तात. तीच एका मीटरवर आली की 270 होतात, त्यातली 170 महागाची. हा फरक मालक भाड्यात धरणारच, आणि धरताना हिशेब उन्हाळ्याच्या बिलाचा करून तो बाराही महिने लावणार. तुझं जळण मोजून बघ: फ्रीज दिवसाला साधारण एक युनिट, 200 वॉटचा कुलर दहा तासाला दोन, 2000 वॉटचा गिझर अर्ध्या तासाला एक.

महावितरणचं स्वतंत्र मीटर असलेलं घर मिळालं तर थोडं भाडं जास्त देऊनही घे. सबमीटर, म्हणजे मालकाच्या मीटरमागे तुझ्या खोल्यांसाठी लावलेलं छोटं मीटर असलं, तर तपासल्याशिवाय हो म्हणू नकोस. घरातली सगळी बटणं बंद कर, फ्रीजची पिनसुद्धा काढ. तरीही सबमीटरचा लाल दिवा लुकलुकत राहिला, तर जिन्यातला बल्ब नाहीतर मोटार तुझ्या माथी आहे. मग 2000 वॉटचा गिझर एकटाच लाव, पाणी गार असताना. दशांशाचा आकडा एकदा बदलला की घड्याळ बघ. पुढचा आकडा तीन मिनिटांच्या आसपास यायला हवा. दोन मिनिटांतच आला तर मीटर पळतंय. युनिटचा दर आधीच ठरव आणि राहायला जाशील त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो मालकालाही पाठव.

करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृतच कर. नोटरीवर भागवू नका. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकाला शांतपणे सांग, तोच तयार होईल. 9000 भाडं आणि 30000 डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क अडीचशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी 1000.

आणि घर बघायला सकाळी जाऊ नकोस. दुपारी तीनला जा, वरचा मजला असेल तर छताला हात लावून बघ आणि खिडकीत कुलर बसतो का तेही बघ. पोरीला दोन उन्हाळे तिथंच बसून अभ्यास करायचा आहे.

वहिनींना नमस्कार, पोरीला आशीर्वाद. कराराचा मसुदा सही करण्याआधी मला पाठव.

तुझा मित्र